मोठ्या विद्यापीठाचे दार आणि वेळेवरचा अर्ज
(आपल्या मुलुखातील पहिल्या अर्जदारांचा इतिहास)

दरवर्षी जून महिना उजाडला, की वणीसारख्या गावात एक दृश्य हमखास दिसते. निकालाचे पेढे वाटून झालेले असतात. मुलाला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के गुण मिळालेले असतात. वडिलांचा शिलाईचा धंदा असतो, कुणाचे बांगड्यांचे दुकान असते, कुणी द्राक्षांच्या हंगामात गाड्या भरण्याचे काम करतो. ते मुलाला बरोबर घेऊन गुरुजींच्या घरी येतात आणि म्हणतात, "सर, पोराला मोठ्या कॉलेजात घालायचंय. कुठं फॉर्म भरायचा?" गुरुजी चौकशी करतात, तेव्हा कळते की ज्या संस्थेचे स्वप्न मुलाने वर्षभर उराशी बाळगले, तिच्या अर्जाची मुदत सहा महिन्यांपूर्वीच संपली आहे. मुलगा हुशार नसतो असे नाही. बापाची तयारी नसते असेही नाही. फक्त दार केव्हा उघडते आणि केव्हा बंद होते, हे घरात कुणाला ठाऊक नसते.

या लेखात उपदेशापेक्षा इतिहास अधिक सांगण्याचा विचार आहे. आज ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांनीही एके काळी कुठल्या तरी दूरच्या दारावर थाप मारली होती. ते कोणत्या वयात निघाले, कोणते कागद बरोबर नेले, पैसा कुठून उभा केला आणि कुठे अडखळले, हे पाहिले तर आजच्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना बरेच काही हाती लागेल, असा विश्वास वाटतो.

पहिले दार मुंबईचे

मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सबंध इलाख्यातून चार! यावरून त्या काळी ते दार किती अरुंद होते याची कल्पना यावी. रानडे तर आपल्याच नाशिक जिल्ह्यातील निफाडचे. म्हणजे खेड्यापाड्यातील मुलाला मोठ्या विद्यापीठाचे स्वप्न पाहण्याचा अधिकार नाही, असे निदान आपल्या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

या पहिल्या चौघांत मुसलमान कुणी नव्हता. ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे, पण त्यावरून आपल्या समाजात त्या वेळी कुणी जागा नव्हता असा अर्थ मात्र काढू नये. कारण याच सुमारास मुंबईतील एका सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याने आपल्या मुलांना थेट विलायतेला पाठविण्यास सुरुवात केली होती.

सोळा वर्षांचा बद्रुद्दीन

मुल्ला तय्यब अली हे त्या व्यापाऱ्याचे नाव. त्यांचे एक पुत्र कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये शिकून १८५८ साली सॉलिसिटर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बद्रुद्दीन यांचा जन्म १८४४ सालचा. आधी मदरशात आणि नंतर एल्फिन्स्टन संस्थेत शिकून १८६० साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. समुद्राचा प्रवास, परका मुलूख, परकी भाषा, आणि मुलगा सोळा वर्षांचा!

येथे वडिलांची दूरदृष्टी पाहण्यासारखी आहे. त्यांनी मुलाला नुसता बोटीवर चढवून दिला नाही. हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या नावाने ओळखपत्रे देऊन पाठविले. आज परदेशी विद्यापीठे शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात, तेव्हा आपल्याला तो नवा सोपस्कार वाटतो. तो नवा नाही. ज्याला मुलाविषयी चार शब्द लिहिता येतील अशी माणसे आधीपासून जोडून ठेवावी लागतात, हे एका व्यापाऱ्याला १८६० सालीही कळत होते.

बद्रुद्दीन प्रथम तिथल्या शाळेत गेले, लंडन विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाले आणि १८६३ साली मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी वडील वारले. पुढे डोळ्यांच्या दुखण्याने अभ्यास सोडून मुंबईला परतावे लागले. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. बद्रुद्दीन बरे वाटताच पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ साली हायकोर्टाचे न्यायाधीश.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य निराळेच आहे. जे दार आपल्याला बापाच्या पैशामुळे आणि ओळखीमुळे उघडले, ते इतरांना कसे उघडेल, हा विचार त्यांनी केला. कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्यासह त्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर तिची जी देखणी इमारत उभी आहे, तिची पायाभरणी १८९० सालची. एक मुलगा वेळेवर निघाला, आणि त्यातून हजारो मुलांची वाट तयार झाली. आपल्यासारख्या लहान गावांतील शिक्षणसंस्था याच वाटेवरच्या आहेत.

आपल्या जिल्ह्यातून गेलेली ती गाडी

१८६९ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या जिल्ह्यातून एक आगगाडी मुंबईकडे गेली. जबलपूरकडून मुंबईला येणारा लोहमार्ग तेव्हा पुरा झाला नव्हता. त्यामुळे बनारसहून निघालेले प्रवासी जबलपूरला उतरून सडकेने नागपूरला आले आणि तिथून मनमाड, इगतपुरी, थळ घाट या मार्गाने मुंबईला पोचले. या प्रवाशांत होते सर सय्यद अहमद खान आणि त्यांचे दोन पुत्र, सय्यद हामिद व सय्यद महमूद.

महमूद यांना इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. ती मुलापुरती होती. पण सर सय्यद यांनी विचार केला, की मुलगा जिथे शिकणार ती विद्यापीठे आपणही डोळ्यांनी पाहावीत. त्यासाठी त्यांनी घर गहाण टाकून पैसा उभा केला. महमूद केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले आणि पुढे बॅरिस्टर होऊन अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. सर सय्यद केंब्रिज पाहून आले आणि त्या नमुन्यावर १८७५ साली अलीगढला शाळा व १८७७ साली महमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज उभे केले. १९२० साली त्याचेच अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. बापाने मुलाचे कॉलेज जाऊन पाहावे, तिथले नियम समजून घ्यावेत, हा प्रघात आपल्याकडे कमी आहे. मुलाला एस.टी.त बसवून "नीट राहा, अभ्यास कर" असे सांगितले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. नाशिकला जाऊन एखाद्या कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करायला घर गहाण टाकावे लागत नाही. फार तर एका दिवसाचा रोजगार बुडतो.

सोळावे चालू की सोळा पूर्ण?

त्याच १८६९ साली लंडनमध्ये एक मोठा तंटा झाला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा तेव्हा फक्त लंडनला होत असे आणि उमेदवाराचे वय एकवीसच्या आत असावे लागे. त्या वर्षी चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. तिघे बंगाली : सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त. चौथे आपल्या मुंबई इलाख्याचे, श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागला, आनंदीआनंद झाला. आणि मग सुरेंद्रनाथ व श्रीपाद ठाकूर या दोघांची नावे यादीतून काढून टाकण्यात आली. कारण काय, तर वय जास्त!

वस्तुस्थिती अशी होती, की सुरेंद्रनाथांनी हिंदुस्थानात मॅट्रिकला बसताना आपले वय सोळा असे लिहिले होते. आपल्याकडील रीतीप्रमाणे त्याचा अर्थ सोळावे चालू, म्हणजे पंधरा पूर्ण. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो सोळा पूर्ण असा घेतला, आणि त्या हिशोबाने १८६९ साली वय एकवीसच्या वर गेले. ठाकुरांचीही तीच अडचण. सुरेंद्रनाथ क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. न्यायालयाचा कल त्यांच्या बाजूने दिसताच दोघांची नावे पुन्हा यादीत आली. एका चालू-पूर्णच्या घोटाळ्याने दोन कर्तबगार तरुणांचे आयुष्य उलटेपालटे होण्याची वेळ आली होती.

पुढे वयोमर्यादेचे हेच हत्यार अधिक धारदार झाले. १८७० नंतरच्या दशकात ती एकवीसवरून एकोणीसवर आणण्यात आली. हिंदी मुलाने एवढ्या कोवळ्या वयात समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा द्यायची म्हणजे घरातून किती लवकर निघायला हवे! या जुलमाविरुद्ध देशभर सभा झाल्या आणि अखेर १८९२ साली मर्यादा तेवीस करण्यात आली.

हा दीडशे वर्षांपूर्वीचा तंटा आपल्या गावात अजून संपलेला नाही. आपल्या जुन्या शाळांची रजिस्टरे उघडून पाहा. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! पालकाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. माझी स्वतःची जन्मतारीखही अशीच १ जून आहे. आई मात्र सांगत असे, की माझा जन्म रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात झाला. त्या काळी चालून गेले. आज शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधार कार्डावर दुसरी आणि पासपोर्टच्या वेळी काढलेल्या जन्मदाखल्यावर तिसरी असेल, तर मोठ्या संस्थेचे दार तिथेच अडते. नावाचेही तसेच. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख. एका ठिकाणी वडिलांचे नाव मधे, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. मुलगा आठवी-नववीत असतानाच हे कागद एकसारखे करून घेणे, ही तयारीची पहिली पायरी आहे. बारावीच्या निकालानंतर त्यासाठी तहसीलचे खेटे घालण्यात हाती येणारी जागा जाते.

ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र नव्हते

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांच्या कथेने आपल्याला निराळीच गोष्ट शिकविली आहे. त्यांचा जन्म १८६५ सालचा. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. पत्नीने अमेरिकेत शिकावे म्हणून गोपाळरावांनी १८८० सालीच पत्रव्यवहार सुरू केला होता. ते पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यातून आनंदीबाईंना परमुलखात एक घर मिळाले. प्रत्यक्ष प्रवास झाला तो १८८३ साली. म्हणजे पहिल्या पत्रापासून जहाजावर पाऊल ठेवीपर्यंत तीन वर्षे गेली. वेळेआधीची तयारी म्हणतात ती हीच.

पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी जो अर्ज लिहिला, तो आजच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. आपली तयारी संस्थेच्या नेहमीच्या प्रवेश परीक्षेइतकी नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपण का शिकू इच्छितो, हे मात्र अगदी स्पष्ट सांगितले : आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर हवी. त्या अर्जात फुशारकी नव्हती आणि रडगाणेही नव्हते. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला आणि आर्थिक साहाय्यही दिले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. दुर्दैवाने परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे निधन झाले. तरी त्यांच्या त्या एका अर्जाने कितीतरी मुलींना वाट दाखविली.

आपल्या समाजातील मुलींनी अतिया फैजी हे नावही लक्षात ठेवावे. त्या तय्यबजींच्याच नात्यातील. त्यांची बहीण नाझली बेगम ही जंजिऱ्याची बेगम. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून अतियाबाई लंडनच्या मारिया ग्रे अध्यापक विद्यालयात शिकायला गेल्या. प्रकृतीने साथ दिली नाही आणि दुसऱ्याच वर्षी अभ्यासक्रम अर्धा सोडून त्या परतल्या. पण तिथे असताना त्यांनी रोजनिशी लिहिली, ती लाहोरच्या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे पुस्तकही झाले. परदेशातील शिक्षण कसे असते, हे पडद्यातल्या कितीतरी स्त्रियांना त्यांच्यामुळे घरबसल्या कळले. प्रत्येक अर्जाच्या शेवटी पदवी मिळतेच असे नाही. पण गेलेल्या माणसाने पाहिलेले जर मागच्यांना सांगितले, तर त्याचे जाणे फुकट जात नाही.

शिष्यवृत्तीची अट

दापोलीजवळच्या मुर्डी या लहानशा खेड्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून सरकारी शिष्यवृत्ती मिळविली आणि १८९६ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी. तो मान त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्यासह विभागून मिळाला. एवढे यश मिळाल्यावर त्यांना हवी ती मोठी नोकरी मिळाली असती. परंतु निघण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. तो पाळून ते १९०२ साली अल्प वेतनावर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घरची स्थिती बिकट. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी करार झाला आणि त्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. जुलैत ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

येथे एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. परतण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी घेऊन ठेवली. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकविले, पैसा साठविला, शाहू महाराजांचेही साहाय्य झाले, आणि १९२० साली, म्हणजे मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. दार बंद होण्यापूर्वी त्यात पाय रोवून ठेवणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

दार मायदेशी आले, तरी गर्दी तीच

स्वातंत्र्यानंतर मोठी दारे आपल्याच देशात उघडली. मुंबईची आय.आय.टी. १९५८ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी शंभर जागा होत्या आणि अर्ज आले होते चौतीसशेहून अधिक. पवईच्या इमारतीची पायाभरणी १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. तेव्हापासून ते दार अधिकाधिक अरुंदच होत आले आहे.

या संदर्भात माझा एक अनुभव सांगतो. मॅट्रिकनंतर एका शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला होता. गुण भरपूर होते. पण अर्ज करायचा असतो हेच मला कळले शेवटच्या आठवड्यात. मुख्याध्यापकांची सही, उत्पन्नाचा दाखला, टपालाचा खोळंबा असे करता करता अर्ज कार्यालयात पोचला तो मुदतीनंतर दोन दिवसांनी. तो उघडलाही गेला नाही. तसाच परत आला. वडिलांनी तो लिफाफा कुराणशरीफच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात कित्येक वर्षे ठेवला होता. ते कधी काही बोलले नाहीत. पुढे मी शिक्षक झालो, त्यात समाधानही मानले. पण आजही एखादा विद्यार्थी "सर, तारीख गेली" म्हणतो, तेव्हा मला तो न उघडलेला लिफाफा दिसतो.

आजच्या काळात तर लवकर अर्ज करणे हा स्वतंत्र प्रकारच झाला आहे. अमेरिकेतील अनेक नामांकित विद्यापीठे आधीचे अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास घेतात. प्रत्यक्ष वर्ग सुरू होतात ते पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. म्हणजे आपली मुले सहामाही परीक्षेची तयारी करीत असतात, तेव्हा तिकडे दार बंद होत असते. यात आणखी एक मेख आहे. काही ठिकाणी लवकर केलेला अर्ज बंधनकारक असतो. जागा मिळाली की तिथेच जावे लागते आणि दोन ठिकाणची आर्थिक मदत ताडून पाहण्याची संधी राहत नाही. तेव्हा सही करण्यापूर्वी अट नीट वाचावी. बाबासाहेबांनी दहा वर्षांच्या अटीवर सही केली, ती काय लिहिले आहे ते जाणूनच.

हार्वर्ड विद्यापीठाने २००६ साली अशी लवकर प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले होते. कारण असे दिले, की तिचा फायदा मुख्यतः सुखवस्तू आणि जाणकार घरांतील मुलांनाच होतो. प्रिन्स्टननेही तेच केले. पण २०११ साली दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. यातून आपण काय घ्यायचे? लवकर अर्ज करणाराच अधिक हुशार असतो असे नाही. त्याला माहिती लवकर मिळालेली असते, एवढेच. आणि माहिती ही काही वाडवडिलांच्या इस्टेटीत मिळणारी वस्तू नाही. ती मिळविता येते, आणि एकाने मिळविली की दहांना देता येते.

पैशाचा प्रश्न

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांकरिता निधी स्थापन केला. ती देणगी नव्हे, परत करावयाची रक्कम. एकाने फेडली की दुसऱ्याला मिळते. कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते या टाटा शिष्यवृत्तीवर. आपल्या समाजातही दाते झाले. सर महंमद युसूफ इस्माईल यांनी १९१४ साली आठ लाख रुपये दिले, त्यातून जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले.

अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या काही योजना होत्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी 'पढो परदेश' आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती या दोन्ही २०२२-२३ पासून बंद झाल्या. जुन्या माहितीवर विसंबून कुणी घराचे गणित मांडले असेल, तर ते आजच बदलावे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची गरिबी आड येऊ देत नाहीत आणि निवड झाल्यास गरजेप्रमाणे खर्च उचलतात. पण तिथे निवड होणे अत्यंत अवघड असते. म्हणून डोळे एकाच दारावर लावून बसू नये. आणि ज्यांना व्याजाच्या कर्जाचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी आपल्याच संस्थेने कर्ज-ए-हसनाचा एक लहानसा निधी उभारावा, असे मला सुचवावेसे वाटते. सुरुवात एका विद्यार्थ्याच्या परीक्षा-फीने झाली तरी चालेल.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

इतिहासाचे सार थोडक्यात सांगायचे, तर ते असे :

इयत्ता आठवी-नववीत जन्मतारीख, नाव आणि वडिलांचे नाव सर्व कागदांवर एकसारखे करून घ्यावे. श्रीपाद ठाकुरांचा तंटा घरी ओढवून घेऊ नये.

दहावीनंतर ज्या दोन-तीन संस्थांचे स्वप्न आहे, त्यांचे नियम मुलाने स्वतः वाचावेत आणि वडिलांना वाचून दाखवावेत. इंजिनिअरिंगची जे.ई.ई. मेन परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते. जानेवारीच्या परीक्षेचे अर्ज बारावीचे वर्ष संपण्यापूर्वीच भरावे लागतात. पुढच्या ॲडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येते. अनेक केंद्रीय विद्यापीठांचे पदवी-प्रवेश २०२२ पासून सी.यू.ई.टी. या सामायिक परीक्षेवर होतात.

ज्या शिक्षकाने मुलाला दोन-तीन वर्षे पाहिले आहे, त्याच्याशी संबंध ठेवावा. शिफारसपत्र आदल्या रात्री मागू नये.

अर्ज लिहिताना आनंदीबाईंचा धडा आठवावा : जे नाही ते लपवू नये, आणि जे करायचे आहे ते स्पष्ट सांगावे.

आणि समजा, जागा मिळाली नाही, तर मुलाला टोचून बोलू नये. तय्यबजी डोळ्यांच्या दुखण्याने परतले होते, बाबासाहेब पैशासाठी परतले होते. दोघेही पुन्हा गेले. ज्यांना पुन्हा जाता आले नाही, त्या अतियाबाईंनीही मागच्यांसाठी लिहून ठेवले.

या वर्षी आपल्या संस्थेच्या फलकावर निकालाच्या यादीशेजारी एक दुसरी यादी लावावी, अशी माझी व्यवस्थापनाला नम्र विनंती आहे. तिच्यात पुढच्या वर्षभरातील अर्जांच्या शेवटच्या तारखा असाव्यात, ठळक अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत. ज्या मुलाला इंग्रजी सूचना वाचायचा कंटाळा येतो, त्याच्या बापानेही दुकान बंद करून घरी जाताना ती वाचावी. गडाच्या यात्रेची तारीख गावात कुणाला विचारावी लागत नाही, ईदचा चाँद दिसला की बातमी क्षणात घरोघर पोचते. अर्जाच्या तारखांचेही तसेच व्हावे. मग पुढच्या जूनमध्ये पेढे घेऊन येणारे वडील गुरुजींना "कुठं फॉर्म भरायचा?" असे विचारणार नाहीत. ते म्हणतील, "सर, फॉर्म कधीच भरलाय. आता फक्त दुवा करा."